कौन्सिलातले बाबासाहेब: प्रदर्शनाच्या कामाची वही

१६ नोव्हेंबर २०२४, धाराशिव

वाचनालयाच्या समितीची बैठक. फेब्रुवारीच्या २२-२३ तारखांना कसबे तडवळ्याच्या १९४१ च्या महार-मांग वतनदार परिषदेची आठवण असते. ते निमित्त धरून फलकांचं एक प्रदर्शन करायचं आणि मग ते गावोगाव फिरवायचं, इथवर सगळ्यांचं एकमत झालं. वाजलं ते विषयावरून. मी म्हणालो, राज्यघटना घ्यायची नाही, गोलमेज घ्यायची नाही. फक्त वकील आंबेडकर आणि मुंबईच्या कौन्सिलातले (इलाख्याच्या कायदेमंडळातले) आंबेडकर घ्यायचे, १९२३ ते १९३९. सर (आमचे निवृत्त मुख्याध्यापक) चिडलेच. "घटना सोडून बाबासाहेब म्हणजे लोक आपल्याला काय म्हणतील?"

मी पंचवीसेक वर्षं महसुलाची कामं बघतोय. फेरफार, वाटणी, शर्तभंग. मला जो आंबेडकर रोज भेटतो तो एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलेला नाही. तो पोटकलमाशी झटापट करणारा, सभापतींनी वेळ संपल्याची घंटा वाजवली तरी मुद्दा न सोडणारा माणूस आहे. घटना लिहायला बसण्याआधी या माणसाने मुंबई इलाख्याच्या कायद्यांवर उमेदवारी केली, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. शेवटी ताईंनी (ग्रंथपाल) तोडगा काढला: शेवटच्या फलकाच्या तळाशी घटनेची एक ओळ. मान्य.

नियम ठरला. एका फलकावर एकच खटला किंवा एकच विधेयक. कायदा काय होता, त्यांनी काय मागितलं, पुढे काय झालं. विशेषणं शक्यतो नकोत.

निवडणुकीच्या गडबडीत फ्लेक्सवाला आपल्याला उभं करणार नाही, त्यामुळे छपाईची घाई नाही. हे एक बरं.

२४ नोव्हेंबर

पहिल्या फलकाचा मजकूर. १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर, १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिलीची सुरुवात. सनदेसाठी हातात पैसे नव्हते, ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (थेट तिथेच दाखल होणाऱ्या दाव्यांत) तेव्हा सॉलिसिटरकडून काम आल्याशिवाय बॅरिस्टरला उभं राहता येत नसे, आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे काम कोण पाठवणार? म्हणून मोफसलची (मुंबईबाहेरची) कामं, जिल्हा कोर्टांतली अपिलं. जोडीला १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवणं. कचेरी परळच्या दामोदर हॉलजवळ. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा याच हॉलात स्थापन झालेली.

बार रूममध्ये वाचून दाखवलं. एक ज्युनियर म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखंच की, क्लास घेऊन भागवायचं." त्याच्या तोंडून आलेलं हे वाक्य मी मनात ठेवलंय, फलकावर घेणार नाही.

१ डिसेंबर

आजपासून खरं काम. सरकारने १९८२ मध्ये छापलेला त्यांच्या लेखन-भाषणांचा दुसरा खंड ताईंनी कपाटातून काढून दिला. कौन्सिलातली भाषणं यात आहेत. खंडाच्या कडा अजून कोऱ्या आहेत. पहिल्या खंडाचं मुखपृष्ठ मात्र हाताळून फाटलंय.

डिसेंबर १९२६ मध्ये गव्हर्नरांनी त्यांची नेमणूक केली. निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. सरकारने नेमलेला माणूस सरकारच्या महसूल खात्याची हजेरी घेतो, हे वाचताना मजा येते. १९३७ ला मात्र मुंबईत भायखळा-परळमधून निवडून आले, स्वतंत्र मजूर पक्षाचे म्हणून. समोर काँग्रेसचे उमेदवार कोण? पळवणकर बाळू, हिंदू जिमखान्याचे नावाजलेले डावखुरे गोलंदाज, चर्मकार समाजातले. १३,२४५ विरुद्ध ११,२२५. कटोकटीच. फलक करणारा पोरगा हे ऐकून उडालाच. त्याला बाळूंचं चित्र पाहिजे. एका कोपऱ्यात घेऊ म्हटलं.

आता वतन. १८७४ चा मुंबईचा वंशपरंपरागत पदांचा कायदा, बोलीत वतन कायदा. पाटील, कुलकर्णी, महार, सगळ्यांची गावकी या एका कायद्याच्या दाव्याला बांधलेली. महाराला गावकामगार म्हणून सरकारची सगळी कामं: टपाल पोचवणं, वसुलाची रक्कम तालुक्याला नेणं, साहेब आला की त्याची बडदास्त, मेलेलं जनावर, मर्तिकाचा निरोप, रात्रीची राखण. मोबदल्यात जमिनीचा तुकडा, म्हणजे हाडकी-हाडवळा, आणि गावकऱ्यांकडून बलुतं. पिढीगणिक घरं वाढत गेली, जमीन तेवढीच राहिली.

१९ मार्च १९२८ ला त्यांनी या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं आणि ३ ऑगस्टला त्यावर भाषण केलं. मी ते पेन्सिल घेऊन वाचलं. वकिली बघावी ती इथे. भावनेला हात घालण्याआधी ते हिशेब विचारतात. नोकर सरकारचा, तर पगार रयतेने का द्यायचा? बलुतं देणारा नाखूश झाला की बलुतं बंद, म्हणजे सरकारी नोकराचं पोट गावाच्या मर्जीवर. काम नेमकं कोणतं, किती तास, कुणाच्या हुकमाने, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून चोवीस तास आणि कुणाच्याही हुकमाने. नेमलेला माणूस घरात नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. म्हणजे नोकरी एकाची आणि राबणूक सगळ्या घराची.

मागणी चार गोष्टींची होती. ज्याला वतन सोडायचंय त्याला ते सोडता यावं. सोडलं तरी जमीन त्याच्याकडेच राहावी, तिच्यावर तो पूर्ण आकार (शेतसारा) भरेल. बलुत्याचं रोख पट्टीत रूपांतर व्हावं, ती शेतसाऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी आणि महाराच्या हातात द्यावी. आणि कामं कोणती ती ठरवून द्यावीत. यातली दुसरी मागणी मी परत परत वाचली. नोकरी सोड पण जमीन सोडू नकोस, हे कलम शेतीचा हिशेब कळलेल्या माणसालाच सुचेल.

भाषणाच्या शेवटी इशारा आहे: हे विधेयक नापास झालं तर उरलेला वेळ महारांचा सार्वत्रिक संप उभा करण्यात घालवीन. सरकारनियुक्त सभासदाच्या तोंडी!

१९२९ साली विधेयक मागे घ्यावं लागलं.

८ डिसेंबर

कळंब तालुक्यातल्या एका गावी आबांकडे गेलो. वय पंच्याऐंशीच्या पुढे. आजोबांच्या नावावर हाडवळा होता, वडलांनी येसकरकी (वेशीची राखण) केलेली. टेप लावू का विचारलं, तर म्हणाले, "लाव. पर इचारशील त्येवडंच सांगंन."

कामं विचारली. पाटलाच्या घोड्याला चंदी, तहसीलचा कागद, वेशीवर झोपणं. मग आपणहून म्हणाले, "भाकरी मागायला आई जायची. आमची पाळी आसली की टोपलं भरायचं, नसली की न्हाई. पाळीवरनं भावकीत भांडणं. गाव हसायचं." पुढे बराच वेळ गप्प बसले, मग विषय बदलून पावसाचं विचारलं.

परत येताना डोक्यात हेच. १९२८ च्या भाषणात जे बलुत्याच्या मर्जीबद्दल आहे त्यात भावकीतल्या भांडणाचा हा पदर बसतो. जमीन तेवढीच आणि वाटेकरी वाढणारे, मग पाळ्या लावायच्या, आणि पाळीवरून सख्खे भाऊ हातघाईला. कायदा माणसाला गावाचा नोकर करतो आणि शेजाऱ्याचा वैरीही करतो. बाबासाहेबांनी वतनाला गुलामगिरी म्हटलं ते लोकांना पाठ आहे. पण त्यांनी स्वतःच्याच लोकांना, हा तुकडा कवटाळून बसू नका असं तोंडावर सांगितलं आणि त्यावर नाराजीही ओढवून घेतली, ते कमी सांगितलं जातं. जमीन म्हणजे गावात उभं राहायला जागा. ती कशी सोडायची? म्हणून तर ते दुसरं कलम.

आबांचं नाव, गाव फलकावर नको, असं त्यांनीच सांगितलं. बोललेलं चालेल.

१५ डिसेंबर

इतर विधेयकं. खोती (कोकणातली, सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत) भराभर उरकली: १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं विधेयक, १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मुंबईत कौन्सिलवर मोर्चा. आपल्याकडे खोत नाहीत, लोक थांबणार नाहीत. अर्धा फलक.

थांबतील ते दोन फलकांपाशी.

एक, तुकड्यांचा. १९२७ ला सरकारने लहान शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून विधेयक आणलं. आंबेडकरांनी १० ऑक्टोबरला त्याला विरोध केला. वरवर बघता नवल वाटतं, पण त्यांचा १९१८ चा निबंध याच विषयावरचा. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यावर बैल, अवजारं, भांडवल किती लागतं त्यावर ठरतं. जमिनीवरचं माणसांचं ओझं उद्योगांकडे गेलं नाही तर नुसती एकत्र बांधलेली जमीन काही लोकांना भूमिहीन करून सोडेल. पुढे १९४७ ला तुकडेबंदी कायदा आलाच, आणि आज माझ्या टेबलावर निम्म्या फायली त्याच्याच आहेत. गुंठा-गुंठा विकलेल्या, नोंद न होणाऱ्या. १९२७ चं भाषण पक्षकारांना वाचायला द्यावं असं अनेकदा वाटतं.

दोन, बाळंतपणाचा. जुलै १९२८, गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर पगारी रजा द्यावी या विधेयकाला त्यांचा पाठिंबा. आईला विसावा मिळण्यात देशाचं हित आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलावा, असा मुद्दा. १९२९ ला मुंबईत तो कायदा झाला. ताई म्हणाल्या, या फलकावर ऊसतोडीच्या बायकांचा फोटो लावू. मी आधी नको म्हणालो, नियमात बसत नाही म्हणून. ताईंनी विचारलं, "फडावर सातव्या महिन्यात मोळी उचलणारीला ही रजा कोण देतं हो वकीलसाहेब?" फोटो लावायचा ठरला, चेहरा न दिसणारा.

२९ डिसेंबर

कोर्टाचे फलक.

महाड तर सगळ्यांना माहीत: २० मार्च १९२७, चवदार तळं. त्यापुढचं कोर्टातलं प्रकरण कुणाला माहीत नसतं. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडात जमले आणि नेमक्या त्या वेळी विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरती मनाई आणली. तळं खाजगी आहे, असा दावा. प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर. लोक पाण्यात उतरायला तयार. आंबेडकरांनी मनाई पाळली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तळ्याकडे मात्र मोर्चा नेला तो बाहेरून फिरून आणला. पुढे दहा वर्षं दावा चालला, महाड, ठाणे, हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना वगळण्याची कथित रूढी अनादी काळापासून चालत आल्याचं सिद्ध झालेलं नाही. खंडपीठावर न्या. ब्रूमफील्ड. गांधींना १९२२ ला अहमदाबादेत राजद्रोहात सहा वर्षं देणारे तेच.

ज्युनियर पोरांना हा फलक मी मुद्दाम समजावला. जमाव मागे उभा असताना मनाईहुकूम पाळणं आणि मग दहा वर्षं तारखा भोगून दावा जिंकणं, हे काळीज मोठं असल्याशिवाय होत नाही. आणि निकाल मिळाला तो धर्माच्या मुद्द्यावर नाही, पुराव्याच्या मुद्द्यावर. तळं १९२७ ला मोकळं झालं असंच बहुतेक लोक समजतात.

जेधे-जवळकर खटला ('देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून अब्रुनुकसानीचा, १९२६, पुणे, अपिलात सुटका) आणि र. धों. कर्व्यांचा संततिनियमनाच्या मासिकावरचा खटला (१९३४, हरले, कर्व्यांना दंड) मिळून एक फलक. सरांनी कर्व्यांबद्दल हरकत घेतली, शाळेची मुलं येणार म्हणून. ताईंनी आणि मी धरून ठेवलं. हरलेला खटला मुद्दाम ठेवायचाय, आणि कोणती प्रकरणं या माणसाने हातात घेतली तेही दिसलं पाहिजे.

१२ जानेवारी २०२५

आज खरा तंटा. डिझाइनच्या पोराने मांडणी आणली, छान आहे. मध्यभागी सगळ्यात मोठा फलक महाडचा. वतनाचा बाजूला, लहान. तो म्हणाला, "काका, जे विधेयक मागे घेतलं ते मध्ये कशाला लावायचं? लोक जिंकलेलं बघायला येतात."

मी म्हटलं, मध्ये वतनच. मागे घेतलेलं असलं तरी, किंबहुना म्हणूनच. कागदावर १९२८, शेवट १९२९. पण माणूस त्याला सोडत नाही. १९३७ ला पुन्हा हाच विषय सभागृहात. मग सरकार वतन जमिनींवरची जुडी (सवलतीचा सारा) वाढवतं तेव्हा १९४१ च्या फेब्रुवारीत तडवळ्याची परिषद, ऑगस्टमध्ये सिन्नरची, सारा न देण्याची भाषा, गव्हर्नरांची भेट. वतन अखेर मोडलं ते मुंबईच्या १९५८ च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्याने, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. सेवा बंद, जमिनीवर पूर्ण आकार, आणि तिप्पट आकार भरला की जमीन त्याच्याच नावे परत. १९२८ च्या मसुद्याशेजारी हा कायदा ठेवून वाचा: नोकरी जाते, जमीन राहते. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

पोरगा म्हणाला, मग तसंच छापू. डावीकडे १९२८ ची मागणी, उजवीकडे १९५८ चं कलम, मध्ये तीस वर्षांची रिकामी पट्टी. ही रिकामी पट्टी त्याची कल्पना. सरही गप्प झाले.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर नकाशाचं काम. आपल्या लोकांना समजावून सांगावं लागेल असा एक गुंता आहे: आपला मुलूख निजामाचा. मुंबई कौन्सिलात केलेला कायदा धाराशिवला लागू नव्हता, बार्शीला होता. शिवेच्या या अंगाला एक राज्य, त्या अंगाला दुसरं, आणि सोयरिकी दोन्हीकडे. म्हणून आजही माझ्याकडे बार्शीकडचा पक्षकार १९५८ चा कायदा घेऊन येतो आणि इकडचा हैदराबादचा १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा. नकाशात दोन रंग आणि मधून बार्शी लाइट रेल्वे. कुर्डुवाडी ते लातूर, अडीच फुटी रूळ, ही शीव ओलांडत जाणारी.

निजामी मुलखातला एक प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहिलाय, १९३४ चा. दौलताबादचा किल्ला बघायला गेले, प्रवासाची धूळ म्हणून वेशीजवळच्या हौदावर सगळ्यांनी हातपाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून लोक धावून आले. शेवटी एक शिपाई बरोबर देऊन आत सोडलं, कुठे पाण्याला शिवू नयेत म्हणून. एव्हाना ते हायकोर्टाचे बॅरिस्टर, कौन्सिलचे सभासद, गोलमेजला जाऊन आलेले. पुढे जवळच्याच औरंगाबादेत १९५० ला त्यांनी कॉलेज काढलं, आजचं मिलिंद. नकाशावर दोन्ही ठिपके दिलेत.

१५ फेब्रुवारी

छपाई आली. एका फलकावर सन १९३७ ऐवजी १९७३ छापलाय, दुकानाने बदलून द्यायचं कबूल केलं. बाकी ठीक. लोखंडी स्टँड एका शाळेने दिले. अक्षर मोठं ठेवल्याचा फायदा दिसतोय, पाच फुटांवरून वाचता येतं.

२३ फेब्रुवारी

काल आणि आज प्रदर्शन. गर्दी सकाळी पोरांची, दुपारी बायकांची, संध्याकाळी सगळ्यांची. फोटो काढले गेले ते बाळूंच्या चित्रापाशी. वाद झाले ते कर्व्यांपाशी. अपेक्षेप्रमाणेच.

वतनाच्या फलकापाशी जे झालं ते मात्र मनात नव्हतं. एक पन्नाशीचे गृहस्थ उजवीकडचं कलम वाचून सरळ माझ्याकडे आले. खिशातून घडी घातलेला सातबारा. भोगवटादार वर्ग २, नवीन शर्त, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी. "साहेब, ही तीच जमीन का? मग आमच्या चुलत्यानं परवानगी न घेता विकली ती गेली का राहिली?" मी स्टँडच्या मागे खुर्ची टाकून बसलो. मग दुसरे आले, मग तिसरे. एकीच्या आजोबांनी तिप्पट आकार भरलाच नव्हता, पावती नाही. एकाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, एजंटाने नजराण्याच्या (परवानगीसाठी सरकारला भरायच्या रकमेच्या) नावाखाली त्याच्याकडून पैसे घेतलेले. दिवे लावायची वेळ झाली तरी रांग होती. सर चहा घेऊन आले आणि म्हणाले, "घटना ठेवली असती तर ही रांग लागली नसती." त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळालं, एवढ्यावर माझं भागलं.

आबाही आले, नातवाच्या मोटारसायकलवर. वतनाच्या फलकासमोर उभे राहून नातवाकडून सगळं वाचून घेतलं. जमिनीच्या कलमापाशी त्याला परत वाचायला लावलं. मग मला म्हणाले, "हे आमच्या बापाला ठावं आसतं तर त्येनं जमीन सोडली नसती. येसकरकी नगं म्हणून हाडवळाच टाकून दिला त्यानं, मुंबईला गिरणीत गेला."

२ मार्च

पुढचा मुक्काम कळंब, मग लातूरच्या लॉ कॉलेजात. बदल ठरले ते असे. वतनाच्या फलकाखाली एक जास्तीचा लहान फलक: तुमच्या सातबाऱ्यावर वर्ग २ असेल तर कोणते कागद काढायचे, कुठून, फी किती. १९५८ आणि १९५४ दोन्ही कायद्यांसाठी वेगळा. मजकूर मी लिहितोय, तलाठ्याकडून तपासून घेणार. प्रत्येक ठिकाणी मागे एक टेबल आणि दोन ज्युनियर बसतील, फुकट सल्ला, वकीलपत्र घ्यायचं नाही. ज्युनियर तयार आहेत, अट एकच: दुपारचं जेवण समितीकडून.